ज्यांना आसरा दिला, त्यांनाच नावाची लाज : पंडिता रमाबाई आणि मध्य प्रांताचा दुष्काळ

बालाघाट : १८९१ ते १९०१ या दहा वर्षांत बालाघाट जिल्ह्याची लोकसंख्या जवळपास पंधरा टक्क्यांनी कमी झाली. मधे दोन दुष्काळ होऊन गेले. पहिला १८९६-९७ चा आणि दुसरा १८९९-१९०० चा, ज्याला या भागातली जुनी माणसं छप्पनिया म्हणायची. पहिल्या दुष्काळात पाऊस ऐन भाताच्या वेळी थांबला. वैनगंगेच्या खोऱ्यात धान गेलं म्हणजे घरात काही उरत नाही. बालाघाटला तेव्हा रेल्वे नव्हती. गाडी गोंदियावरून जायची, आणि धान्य असो की मदत, बैलगाडी जाईल तिथपर्यंतच पोचायची. सरकारनं रस्त्याची कामं काढली, गरीबखाने उघडले. तरी माणसं गाव सोडून निघाली, वाटेत मेली, आणि पोरं कुठंकुठं एकटी राहिली.

हाच मध्य प्रांत, राजधानी नागपूर. त्यात उत्तरेकडं नर्मदेच्या बाजूचे जिल्हेही असेच होरपळले होते. १८९७ च्या सुरुवातीला त्या भागातल्या गरीबखान्यांमधून एक मराठी बाई फिरत होत्या. वय अडतीस, अंगावर जाडंभरडं पांढरं लुगडं, केस कापलेले. निराधार पोरी दिसल्या की त्यांना गोळा करायच्या आणि आगगाडीनं पुण्याकडं घेऊन जायच्या. त्या फेऱ्यांतून तीनशेच्या आसपास मुली त्यांच्या आश्रयाला राहिल्या.

या बाई म्हणजे पंडिता रमाबाई. त्या काळात हिंदुस्थानात आणि हिंदुस्थानाबाहेर एवढं नाव असलेली दुसरी मराठी बाई शोधून सापडली नसती. पण ज्या पुण्यात त्या राहत होत्या, तिथल्या पांढरपेशा घरांत ते नाव मोकळेपणानं घेतलं जात नव्हतं. आपली विधवा लेक किंवा बहीण रमाबाईंकडं शिकते हे सांगायला लोक बिचकायचे. चारच वर्षांपूर्वी पंचवीसेक मुलींना त्यांच्या पालकांनी रमाबाईंच्या घरातून काढून नेलं होतं. ज्या मुलींना दुसऱ्या कुणी दारात उभं केलं नसतं, त्यांचेच हे पालक.

रमाबाईंच्या चरित्रात विद्वत्तेचं कौतुक पुष्कळ येतं, आणि धर्मांतराचा वादही येतो. या दोन्हींच्या मधे एक गोष्ट कायम मागं पडते. ज्यांच्यासाठी आयुष्य घालवलं त्यांनाच आपली लाज वाटते, हे कळल्यावर ही बाई कशी वागली?

आईची तिरडी

रमाबाईंचा जन्म २३ एप्रिल १८५८ चा, सह्याद्रीतल्या गंगामूळच्या रानातला. वडील अनंतशास्त्री डोंगरे. बायकोला संस्कृत शिकवलं म्हणून त्यांना धर्मसभेपुढं जाब द्यावा लागला होता. त्याच आईनं, लक्ष्मीबाईंनी, मुलीला संस्कृत शिकवलं. पुढं शास्त्रीबुवांची मालमत्ता गेली आणि सगळं कुटुंब देवळादेवळांतून पुराण सांगत हिंडू लागलं. मजुरी करणं जातीच्या मानाला शोभत नव्हतं, भीक मागणं तर त्याहून नाही. असा मान सांभाळत असतानाच दक्षिणेत दुष्काळ पडला आणि आधी वडील, मग आई आणि मग थोरली बहीण कृष्णाबाई एकामागून एक गेले.

आई आजारी असताना कोवळ्या वयातली रमा शेजारच्या घरी भाकरी मागायला गेली, पण मागायला तोंडच उघडेना. आई वारली तेव्हा खांदा द्यायला पुरेशी माणसं मिळाली नाहीत. दोघे ब्राह्मण कसेबसे तयार झाले, तिसरा भाऊ श्रीनिवास, चौथी रमा. तिची उंची कमी, खांद्यावर तिरडी बसेना, म्हणून तिनं ती डोक्यावर घेतली आणि स्मशान गाठलं. हे सगळं त्यांनी स्वतःच नंतर लिहून ठेवलं आहे, आणि तेही १८९७ च्या दुष्काळाच्या वेळी. मध्य प्रांतातली हाडं निघालेली पोरं पाहून त्यांना आपलं लहानपण आठवलं, यात नवल नाही.

बहीणभाऊ पायी हिंडत १८७८ साली कलकत्त्याला पोचले. तिथल्या पंडितांनी या वीस वर्षांच्या मुलीची परीक्षा घेतली आणि तिला पंडिता व सरस्वती या पदव्या दिल्या. दोन वर्षांत भाऊ गेला. त्यानंतर रमाबाईंनी बिपिनबिहारी मेधावी या बंगाली वकिलाशी नोंदणी पद्धतीनं लग्न केलं. नवरा शूद्र गणल्या गेलेल्या जातीचा, त्यामुळं सनातन्यांच्या लेखी त्या तेव्हाच संपल्या. १८८१ मध्ये मुलगी मनोरमा झाली आणि १८८२ च्या फेब्रुवारीत पटकीनं नवराही गेला. विधवा, कडेवर लेक, माहेर नाही, सासर नाही. अशा अवस्थेत त्या पुण्याला आल्या.

पुण्यानं आधी त्यांना डोक्यावर घेतलं. जून १८८२ मध्ये आर्य महिला समाज निघाला, त्याच वर्षी हंटर कमिशनपुढं त्यांनी साक्ष दिली आणि मुलींसाठी शिक्षिका आणि बायकांसाठी बाईच डॉक्टर हवी असं सांगितलं. तरी लाजेचा पहिला अनुभवही तेव्हाचाच. न्यायमूर्ती रानड्यांच्या पत्नी रमाबाई त्यांच्या सभांना जायच्या. घरातल्या थोरल्या बायका त्यावरून टाकून बोलायच्या, आणि रमाबाई रानड्यांनी पुढं आपल्या आठवणींत ते लिहूनही ठेवलं. पंडितेकडं शिकायचं, पण घरात तिचं नाव काढायचं नाही, ही रीत बाप्तिस्म्याच्या आधीचीच आहे. बाप्तिस्म्यानं त्या लाजेला सबळ कारण मिळालं एवढंच.

तिकडच्यांनाही अडचण

१८८३ साली डॉक्टरी शिकायची म्हणून त्या इंग्लंडला गेल्या. जाण्यापुरते पैसे त्यांच्या स्त्रीधर्मनीति या पुस्तकाच्या विक्रीतून उभे राहिले. ऐकू कमी येतं म्हणून डॉक्टरी राहिली. २९ सप्टेंबर १८८३ ला वाँटेज इथं त्यांनी लेकीसह बाप्तिस्मा घेतला. इकडं महाराष्ट्रात गहजब झाला. जोतीराव फुल्यांनी मात्र सत्सारच्या अंकांतून त्यांची बाजू घेतली, हे मुद्दाम सांगायला हवं, कारण त्या गोंधळात त्यांच्यासाठी जाहीरपणे उभे राहिलेले फार थोडे होते.

पण बाप्तिस्मा झाला म्हणजे तिकडचं घर आपलं झालं, असंही नव्हतं. वाँटेजच्या मठवासी भगिनींना या शिष्येचा अभिमान होता, तशी अडचणही वाटायची. ती लुगडं सोडीना, मांस खाईना, अंडंसुद्धा नको म्हणे. क्रुसावर लॅटिन अक्षरं कशाला, संस्कृत का नको, असं विचारी. धर्ममतातलं जे पटलं नाही ते म्हणायला नकार देई. चेल्टनहॅमला पुरुष विद्यार्थ्यांना शिकवण्याचा प्रश्न निघाला तेव्हा हिंदुस्थानातल्या बिशपांचं मत मागवण्यात आलं आणि ते नकोच असं ठरलं. बाईनं पुरुषांना शिकवलं तर मायदेशी तिची किंमत राहणार नाही, असा त्यांचा हिशेब. रमाबाईंनी पत्रांतून सडेतोड उत्तरं दिली. या बाई नम्र होत्या असं म्हणताना हा भाग गाळून चालणार नाही. बिशपांपुढं त्यांची मान वाकली नाही. ती वाकलेली दिसते गरीबखान्यात, पोरींच्या डोक्यातल्या उवा काढताना. या दोन गोष्टींची गल्लत करू नये.

१८८६ च्या मार्चमध्ये फिलाडेल्फियाला आनंदीबाई जोशींचा पदवीदान समारंभ झाला, त्याला त्या गेल्या आणि अमेरिकेतच राहिल्या. उच्चवर्णीय हिंदू स्त्रीच्या स्थितीवर इंग्रजीत पुस्तक लिहिलं, व्याख्यानं दिली, पैसे उभे केले. बॉस्टनमध्ये रमाबाई असोसिएशन स्थापन झाली आणि तिनं दहा वर्षं दरसाल मदत द्यायची हमी घेतली. अट एकच होती. शाळेत कोणत्याही धर्माचं शिक्षण द्यायचं नाही.

उघडं दार

११ मार्च १८८९ ला मुंबईत चौपाटीजवळ शारदा सदन उघडलं. पहिल्या विधवा विद्यार्थिनींत देवरुखच्या जोशी घराण्यातली गोदूबाई होती. वयाच्या आठव्या वर्षी वैधव्य आलेली ही मुलगी सदनात आली तेव्हा विशी ओलांडून गेली होती. पुढच्या वर्षी सदन पुण्याला हललं.

सदनाची व्यवस्था बघितली तर रमाबाईंचा स्वभाव कळतो. स्वयंपाकाला ब्राह्मण बाई. सोवळं पाळायचं त्यांना सोवळं, उपासतापास, पूजाअर्चा ज्याची त्याला मोकळी. घर रमाबाईंच्या कष्टाचं, पण त्यांच्याच हातचं पाणी काही मुली पिणार नाहीत हे त्यांनी गृहीत धरलं आणि तशी सोय लावून दिली. आपल्याच घरात आपण बाटलेल्या, हे रोज तिन्हीत्रिकाळ जेवणाच्या पंगतीला कळत असणार. त्यावर त्यांनी रुसवा धरल्याचं दिसत नाही. मुलगी शिकते आहे ना, मग भांडं वेगळं असलं तरी चालेल, असा सगळा व्यवहार.

फक्त एका ठिकाणी त्या अडून बसल्या. सकाळी मनोरमेला घेऊन त्या आपल्या खोलीत बायबल वाचायच्या, प्रार्थना करायच्या, आणि खोलीचं दार उघडं असायचं. काही मुली तिथं येऊन बसू लागल्या. बोलावलं नव्हतं, पण दारही लावून घेतलं नाही. सल्लागारांचं म्हणणं, दार लावा. रमाबाईंचं म्हणणं, माझ्या घरात मी चोरासारखी प्रार्थना करणार नाही. केसरीनं टीकेची झोड उठवली. अखेर १८९३ च्या ऑगस्टमध्ये रानडे आणि भांडारकर यांच्यासारखी माणसं सल्लागार मंडळातून बाहेर पडली, आणि पालकांनी मुली काढून न्यायला सुरुवात केली. पन्नासेक मुलींतल्या पंचवीस गेल्या.

इथं दोन्ही बाजू मांडायला हव्यात. पालकांची भीती अगदीच खोटी नव्हती. सदन तटस्थ राहील, असा शब्द दिलेला होता. जिला जगात दुसरीकडं जागा नाही, ती मुलगी आसरा देणाऱ्या बाईच्या खोलीत स्वखुशीनं जाते की उपकाराच्या ओझ्यानं, हे तिचं तिलाही नेमकं सांगता आलं नसतं. दोन वर्षांनी, १८९५ च्या नोव्हेंबरात, सदनातल्या बारा मुलींनी बाप्तिस्मा घेतला, तेव्हा टीकाकारांना आपलंच खरं झाल्यासारखं वाटलं. दुसरी बाजू अशी की या मुली घरी होत्या तेव्हा त्यांच्या डोक्यावरचे केस, ताटातलं अन्न आणि हातातलं पुस्तक यांची चिंता करायला यातलं कुणी आलं नव्हतं. त्या शिकायला लागल्या तेव्हा सगळ्यांना त्यांच्या धर्माची आठवण झाली.

त्या दिवसांत रमाबाईंनी काय केलं? ज्यांचे पालक आले त्यांच्या मुली जाऊ दिल्या. दार लावलं नाही आणि सदनही बंद केलं नाही. बॉस्टनहून चौकशीला बाई आल्या, त्यांच्यापुढं कारभार ठेवला. बॉस्टनवाल्यांनी मदत चालू ठेवली. ज्या घरांनी मुली परत नेल्या, त्यांच्या उपकारफेडीची भाषा रमाबाईंनी केली नाही. आपली बाजू मात्र त्यांनी ठामपणे मांडली. हे गप्प सोसणं नव्हतंच. स्वभावानं त्या तापट होत्या, आणि पत्रांतून तो ताप दिसतोही.

त्याच वर्षी, मुली काढून नेण्याच्या पाचच महिने आधी, सदनाच्या इतिहासातली सगळ्यात मोठी गोष्ट घडली होती. ११ मार्च १८९३ ला गोदूबाईंनी धोंडो केशव कर्व्यांशी पुनर्विवाह केला आणि त्या आनंदीबाई कर्वे झाल्या. आनंदीबाई जोशींच्या पदवीदानाची तारीख ११ मार्च, सदनाच्या उद्घाटनाची ११ मार्च आणि या लग्नाचीही ११ मार्च. जुळून आलेली गोष्ट खरी. लग्नानंतर कोकणात मुरुडला नवराबायको गेले तेव्हा गावानं बहिष्कार टाकला. पुढं १८९६ मध्ये कर्व्यांनी अनाथ बालिकाश्रमाची मंडळी उभी केली, त्यातून हिंगण्याची संस्था वाढली. लोकांच्या दृष्टीनं सोय झाली. विधवेला शिकवायचं, पण रमाबाईंचं नाव लागू द्यायचं नाही, असा रस्ता निघाला. गोदूबाईंच्या विधवा बहीण पार्वतीबाई आठवले हिंगण्यात शिकल्या आणि त्याच संस्थेसाठी वर्गणी मागत पार अमेरिकेपर्यंत गेल्या. एकाच घरातल्या दोन बहिणी. एकीला शारदा सदनानं उभं केलं, दुसरीला शारदा सदनाच्या विद्यार्थिनीच्या नवऱ्यानं काढलेल्या संस्थेनं.

कर्व्यांनी रमाबाईंचं ऋण लपवलं नाही आणि आनंदीबाईंनीही नाही. माझे पुराण या आत्मचरित्रात आनंदीबाई आपल्या या शाळेविषयी मोकळेपणानं लिहितात. कृतघ्नता सगळ्यांनीच केली असं म्हणणं खोटं ठरेल. ती झाली ती समाजाच्या पातळीवर. फळ घेतलं आणि झाडाचं नाव सांगायचं टाळलं.

दुष्काळातल्या पोरी

आता पुन्हा मध्य प्रांताकडं. १८९६ च्या शेवटी दुष्काळाच्या बातम्या यायला लागल्या तेव्हा रमाबाईंकडं बॉस्टनच्या हमीची शेवटची वर्षं उरली होती. दहा वर्षांचा करार १८९८ ला संपणार होता. पुण्याहून दौंडकडं जाणाऱ्या रेल्वेच्या वाटेवर केडगावला त्यांनी शंभर एकरांच्या आसपास जमीन घेऊन ठेवली होती, फळबागेच्या उत्पन्नावर सदन चालावं म्हणून. साधा व्यवहार बघणारा माणूस अशा वेळी हात आखडता घेतो. त्यांनी मात्र ज्यांच्यासाठी कोणत्याच समितीची हमी नव्हती अशा मुली आणायला सुरुवात केली.

आतापर्यंतचं काम उच्चवर्णीय विधवांसाठी होतं. गरीबखान्यातल्या पोरींची जात कोण विचारणार? शेतकऱ्यांच्या, मजुरांच्या, कारागिरांच्या, कुणी रानातल्या. खरूज, उवा, तोंडं आलेली, पोट खपाटीला गेलेलं. भाकरीचा तुकडा मिळाला तर फडक्यात लपवून ठेवायचा, कारण उद्या मिळेल याचा भरवसा नाही.

त्यांनाही रमाबाईंची भीती वाटली. एक अफवा सगळीकडं पसरली होती. ही बाई पोरींना खाऊपिऊ घालून जाड करते, मग विस्तवावर उलटी टांगून त्यांच्या अंगाचं तेल काढते, ते औषधाला साहेबाच्या देशात जातं. मोमियाईची ही भीती तेव्हा खेड्यापाड्यांत सर्रास होती. म्हणजे पुण्यात सुशिक्षितांना वाटायचं ही धर्म काढून घेते, आणि इकडं भुकेल्यांना वाटायचं ही तेल काढते. पोटात अन्न जात असताना मनात ही धास्ती. रोज सकाळी आपण जिवंत आहोत हे बघत बघतच त्या पोरींचा विश्वास बसला असेल. त्यांना कृतज्ञ का नाहीस म्हणून विचारण्यात अर्थ नव्हता, आणि रमाबाईंनी ते विचारलं नाही. आईसाठी भाकरी मागताना स्वतःचं तोंड कसं शिवल्यासारखं झालं होतं हे त्या विसरल्या नव्हत्या. ज्याच्यावर मदत घ्यायची पाळी येते त्याला आधी लाजच वाटते, आणि ती लाज पुष्कळदा देणाऱ्यावर निघते, हे त्यांना दुसऱ्या कुणी समजावून सांगायची गरज नव्हती.

पुण्यात त्याच सुमारास प्लेग. गावात एवढी माणसं आणून ठेवायला सरकारी मनाई झाली. मग केडगावच्या मोकळ्या रानात गवताची छपरं आणि तंबू उभे राहिले. विहिरी खणल्या. मुलींना न्हाऊमाखू घालायचं, जखमा धुवायच्या, उवा काढायच्या हे काम कुणी करायचं? रमाबाई स्वतः बसल्या आणि शारदा सदनातल्या शिकलेल्या मुली त्यांच्या जोडीला आल्या. एकेकीकडं काही पोरींची जबाबदारी. यातल्या काहीजणी चार वर्षांपूर्वीपर्यंत रमाबाईंच्या हातचं पाणी न पिणाऱ्या घरांतल्या. आता त्या कुठल्याशा गरीबखान्यातून आलेल्या, जात माहीत नसलेल्या पोरीच्या डोक्यावर पाणी ओतत होत्या. शारदा सदनात दहा वर्षं जे धड्यांतून शिकवता आलं नसतं ते केडगावच्या रानात आठवड्याभरात झालं.

हेच केडगावचं मुक्ती सदन. १८९८ नंतर ते उघडपणे ख्रिस्ती संस्था म्हणून चालू लागलं. पुढं छप्पनियात गुजरातेतून तेराशेंच्या वर मुली आल्या आणि मुक्तीची वस्ती दोन हजारांच्या घरात गेली. शेती, विणकाम, तेलघाणा, गोठा, छापखाना, आंधळ्या मुलींसाठी ब्रेल. फसवल्या गेलेल्या बायकांसाठी कृपासदन, म्हाताऱ्यांसाठी प्रीतिसदन. या पसाऱ्याला दरसालची ठरलेली हमी नव्हती, येईल त्या देणगीवर तो चालायचा. दोन हजार माणसांचा रोजचा शिधा म्हणजे काय, हे ज्यानं एखाद्या लग्नाच्या पंगतीचा हिशेब केला असेल त्याला कळेल.

इथली दुसरी बाजूही आहेच. केडगावात आलेल्या बहुतेक मुली ख्रिस्ती झाल्या. दुष्काळातून उचललेल्या अनाथ पोरीला निवड किती होती, हा प्रश्न आजही विचारला जातो आणि तो विचारणं गैर नाही. रमाबाईंपुरतं सांगायचं तर आता त्यांनी काही झाकून ठेवलं नव्हतं. सदनाच्या वेळचा तटस्थतेचा शब्द त्यांनी मोडला असं टीकाकार म्हणत. मुक्तीच्या बाबतीत तसा शब्दच दिलेला नव्हता.

साध्या बायकांची भाषा

शेवटची पंधरा-सोळा वर्षं रमाबाईंनी एका कामाला दिली आणि त्यातूनही त्यांचा तोच स्वभाव दिसतो. मराठी बायबल होतं, पण त्याची भाषा त्यांना संस्कृतानं जड झालेली वाटली. दुष्काळातून आलेल्या, उशिरा अक्षरओळख झालेल्या बायकांना ते कळत नव्हतं. संस्कृतात सभा जिंकणारी ही पंडिता. पण तिनं पन्नाशीच्या आसपास हिब्रू आणि ग्रीक शिकायला घेतलं, आणि मूळावरून थेट सोप्या मराठीत भाषांतर सुरू केलं. आयुष्यभर कमावलेल्या संस्कृताला बाजूला ठेवून. छापण्याचं काम मुक्तीच्याच छापखान्यात, खिळे जुळवणाऱ्या बायका, यंत्र चालवणाऱ्या बायका. हे भाषांतर पुढं देवळांमधून फारसं रुळलं नाही. ख्रिस्ती मंडळींनी जुनंच चालू ठेवलं. म्हणजे ज्यांच्यासाठी केलं त्यांनी इथंही ते पुरतं आपलं म्हटलं नाही.

इंग्रज सरकारनं त्यांना कैसर-ए-हिंद पदक दिलं. महाराष्ट्रात मात्र समाजसुधारकांच्या यादीत त्यांचं नाव बराच काळ तळाशी असायचं, किंवा नसायचंच. रानडे, आगरकर, कर्वे यांच्यावर पिढ्यान्‌पिढ्या निबंध लिहून घेतले गेले. १९६० मध्ये देवदत्त नारायण टिळकांनी रमाबाईंचं मोठं मराठी चरित्र लिहिलं. देवदत्त हे ना. वा. टिळक आणि लक्ष्मीबाई टिळक यांचे चिरंजीव. वडिलांच्या धर्मांतरानं घरादाराला काय सोसावं लागलं ते त्यांनी लहानपणी पाहिलं होतं. योगायोग असा की त्या वडिलांच्या धर्मांतराची सुरुवातही याच भागातली. नागपूरहून राजनांदगावला जाताना आगगाडीत भेटलेल्या एका गोऱ्या प्रवाशानं नारायणरावांच्या हातात नवा करार दिला होता. ती गाडी गोंदियावरूनच गेली असणार, दुसरी वाट नाही. रमाबाईंवर टपाल तिकीट निघायला १९८९ साल उजाडावं लागलं.

रमाबाईंनंतर मुक्ती मनोरमेनं सांभाळायची, असं ठरल्यासारखं होतं. ती बी.ए. झालेली, शाळा चालवणारी, आईचा उजवा हात. गुलबर्ग्याला तिनं शाळाही काढली होती. २४ जुलै १९२१ ला ती मिरजेला गेली, वयाच्या चाळिसाव्या वर्षी. रमाबाईंना तेव्हा जवळजवळ काहीच ऐकू येत नव्हतं. त्यांनी भाषांतराची मुद्रितं तपासण्याचं काम थांबवलं नाही. ५ एप्रिल १९२२ ला त्या केडगावलाच वारल्या. त्यांच्यामागं छापखान्यातल्या बायकांनी खिळे जुळवणं चालू ठेवलं आणि १९२४ साली संपूर्ण बायबल छापून बाहेर पडलं.